जिची गाठ तिनेच सोडायची

जिजीच्या हातात काहीही पडलं की त्याची साडीची घडी व्हायची. वर्तमानपत्र, विजेचं बिल, लग्नपत्रिका, टॉवेल, एकदा तर माझ्या डब्यातली पोळी. बारा-तेरा वर्षं तिनं सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घातल्या होत्या. ते काम सुटलं, हातांची खोड काही सुटली नाही. आधी लांबीत दुमडायचं, मग तळहातानं दाबत खाली यायचं, मग तीन पट्ट्या, आणि शेवटी वरून एक चापट. ती चापट महत्त्वाची. चापट बसल्याशिवाय जिजीच्या लेखी कुठलंही काम संपायचं नाही.

जिजी हे तिचं नाव नव्हे. खानदेशात थोरल्या बाईला जिजी म्हणतात. डिंडोलीतल्या आमच्या महिला केंद्रात सगळ्याच तिला जिजी म्हणायच्या, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. खरं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथं लिहिणार नाही. सगळं वाचल्यावर त्याचं कारण कळेल.

पहिल्या दिवशी मी तिला रीतीप्रमाणे 'तुम्ही' म्हटलं, तर ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

"माले तुम्ही नको म्हनू," ती म्हणाली. "तुम्ही म्हननारा लोके मंग सही मांगतस."

तेव्हापासून 'तू'. मी केंद्रात कागदपत्रं सांभाळायला लागले होते, शहराच्या सुखवस्तू भागातून, अडाजणहून, स्कूटरवर यायचे. वडील बँकेत, आई शाळेत, घरात पुस्तकी मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि ग्रंथालयशास्त्राची कोरी करकरीत पदवी पर्समध्ये. जिजी मला 'बँकवाली' म्हणायची. मला त्याचा राग यायचा आणि तो आलेला तिला आवडायचा, म्हणून ती आणखी मोठ्यानं हाक मारायची.

केंद्र म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावर ठेवलेला चष्मा आपोआप चालायला लागायचा. येणाऱ्या बायका बहुतेक खानदेशातल्या. नवरे लूमच्या खात्यात नाहीतर भेस्तानकडच्या मिलमध्ये, आणि बायका घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या, लेस लावणाऱ्या, दोरे कापणाऱ्या. कुणाला मार बसलेला, कुणाला घराबाहेर काढलेलं, कुणाला नुसतंच घटकाभर बोलायचं असायचं. केंद्र सुरू केलं होतं मोठ्या बेननी. त्या गुजराती, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, अतिशय शिस्तीच्या. त्यांनी हजेरीपट नीट ठेवला, सभांची इतिवृत्तं नीट ठेवली. पण बायका काय सांगतात ते लिहायचं काम पहिल्या दिवसापासून जिजीचं होतं. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली, अक्षर वाटाण्याएवढं, पूर्णविराम कधीच नाही.

तिची लिहून घ्यायची पद्धत मी शेकडो वेळा पाहिली. बाई आली की जिजी आधी तिला पाणी द्यायची, मग कागदाची साडीसारखी घडी घालून ती परत उलगडायची, म्हणजे कागदावर आपोआप ओळी उमटायच्या. मग बाई तोंड उघडणार आणि हुंदका फुटणार, तेवढ्यात जिजी पेन वर धरायची.

"पहिले सांग, मंग रड. कागद वला व्हई जास."

ऐकायला हे फार कोरडं वाटतं. मला तर पहिल्यांदा संतापच आला होता. पण बायका डोळे पुसायच्या आणि घडाघडा सांगायच्या. सगळं सांगून झालं की जिजी पेन खाली ठेवून म्हणायची, "हां, रड आते," आणि स्वतः शेजारी बसून राहायची. कित्येकींना तोवर रडू यायचंच नाही. मग त्या हसायच्या.

नाव मात्र ती कुणालाच विचारायची नाही. "तुनं नाव तुनाजोडे ठेव. माले दुसरं सांग." डिंडोलीत गावाकडची माणसं इतकी दाटलेली की बाईनं खरं नाव कागदावर दिलं, तर संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी शिरपूर-नंदुरबारला फोन पोचायचा. म्हणून बायका मनाला येईल ते नाव द्यायच्या. देवीचं, शाळेतल्या बाईंचं, सिनेमातल्या नटीचं. एकीनं आपल्या सासूचं नाव दिलं. "मार खाल्ल्याचं लिहायचंच आहे तर तिच्या नावावर लिहा, तेवढंच बरं वाटेल," असं तिचं म्हणणं. तारीखही क्वचितच असायची. नावाऐवजी जिजी त्या बाईकडून एक कापड मागायची. पदराचा तुकडा, लेसचा शेवट, रुमाल, जे जवळ असेल ते. त्या कापडातला एक धागा ओढून काढायचा, सुईत ओवायचा, कागदाच्या कोपऱ्यात तीन टाके घालायचे, आणि मग त्याच कापडात कागद गुंडाळून बाईच्या हातानंच गाठ मारून घ्यायची. ही पुडकी साडीच्या रिकाम्या खोक्यांत राहायची, झाकणावर नटलेल्या मॉडेलचे फोटो असलेल्या. ते तीन टाके बघून मला वाटायचं, केंद्राला साधा स्टेपलर परवडत नाही की काय.

आणि नियम एकच. जिची गाठ तिनेच सोडायची. पोलीस आले, वकील आले, कुणीही आलं तरी त्या बाईनं स्वतः येऊन गाठ सोडल्याशिवाय कागद बाहेर निघायचा नाही. एकदा कॉलेजातल्या एक संशोधक बाई आल्या, गळ्यात रेकॉर्डर, डोळ्यांत कळवळा. नमुन्यादाखल एक तरी पुडकं उघडून दाखवा म्हणाल्या. जिजीनं एक हिरवं पुडकं त्यांच्यासमोर ठेवलं.

"ती बारडोलीले शे, ऊसतोडले गयेल. जाय, तिले इचार. हो म्हननी ते आन तिले, ती सोडी."

बाई बारडोलीला गेल्या नाहीत. जाताना मला इंग्रजीत म्हणाल्या की हे अज्ञानामुळे होतं. खोटं कशाला बोलू, मी मान डोलावली होती.

एकदा मी खोड काढायला विचारलं, "जिजी, बाई मेली तर गाठ कुणी सोडायची?"

"तिनी आंडेर." आंडेर म्हणजे मुलगी.

"आणि मुलगी नसली तर?"

"कोन्हीच नही," असं म्हणून तिनं माझ्या ओढणीची घडी घालून तिला चापट मारली. जिजीला मुलगी नव्हती. कुणीच नव्हतं. या गोष्टीचा आणि त्या प्रश्नाचा काही संबंध असेल असं माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे यायला हवं. केंद्राला पंचवीस वर्षं होणार होती आणि मोठ्या बेनना केंद्राचा इतिहास लिहून हवा होता. "आटलुं बधुं पड्युं छे, ने कशुं मळतुं नथी," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. इतकं सगळं पडलंय आणि वेळेला काही सापडत नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. नेमकी त्याच वेळी जिजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भावाकडे अमळनेरकडच्या गावी गेली. तीन आठवडे. मी बेनना म्हटलं, जिजी येईपर्यंत सगळं लावून ठेवते, ती खूश होईल. खरं तर ती येण्याच्या आत उरकायचं होतं, हे मला मनातून ठाऊक होतं.

मी गाठी सोडल्या. एकूण एक. कागद सपाट केले, नावांप्रमाणे बाराखडीत लावले, क्रमांक दिले, पुठ्ठ्याच्या फायली केल्या, पाठीवर छापील लेबलं चिकटवली. सासूच्या नावाचा कागद स-च्या फायलीत गेला. आपण खोट्या नावांची फार सुंदर सूची बनवतोय, हे त्या तीन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं नाही. कागदांच्या कोपऱ्यातले टाके तेवढे राहू दिले, कारण काढायला वेळ लागला असता. माझ्या आळशीपणानं माझी अब्रू वाचवली म्हणायची.

आणि कापडं? ती मी गोधडीच्या गटाला दिली. केंद्रात दर गुरुवारी बायका गोधड्या शिवायच्या. त्यांना एवढे रंगीबेरंगी तुकडे आयते मिळाले, त्यांनी आठवड्यात भलीमोठी गोधडी उभी केली. केंद्राच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात भिंतीवर लावू, असं बेन म्हणाल्या.

जिजी परत आली तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. मी तिचा हात धरून तिला कपाटापाशी नेलं. तिनं फायलींवरून बोट फिरवलं, मग खाली वाकून जिथं साडीची खोकी असायची तिथं चाचपून पाहिलं.

"कापडं कोठे शेतस?"

"चिंध्या होय? त्यांची गोधडी केली, जिजी. वाया नाही घालवल्या."

ती माझ्याकडे वळली. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, ते एक बरंच झालं.

"चिंध्या? पोरी, त्या बाया व्हत्यात."

एवढं बोलून ती खाली बसली. नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बँकवाली म्हणून हाकसुद्धा मारली नाही, आणि त्या हाकेची मला किती सवय झाली होती ते मला तेव्हा कळलं. मीही हट्टी. मनात म्हणत राहिले, रागाव, पण एक दिवस कागद लागेल तेव्हा माझीच सूची कामी येईल.

तो दिवस चौथ्या दिवशीच आला. मंगलाबाई जिना चढून वर आली, ती धापा टाकतच. लेस लावणारी, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. नाव मी बदललंय. वीसेक वर्षांपूर्वी ती सासरहून पळून सुरतेला आली, तेव्हा तिची दोन वर्षांची मुलगी तिकडेच राहिली होती. आता त्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नाआधी एकदा आईला समोर बसवून विचारायचं म्हणून ती रविवारी सुरतेला येणार होती. फक्त रविवारी, दुपारच्या गाडीनं परत. इतकी वर्षं तिला घरी एकच गोष्ट ऐकवलेली, की तुझी आई तुला टाकून गेली.

"मी काय बी सांगं, ती म्हननार, आते सांगस," मंगलाबाई म्हणाली. "पन मी तवय सांगेल शे. जिजीनी लिखेल शे. तो कागद माले तिले दखाडनं शे."

तेव्हाच, त्याच दिवशी सांगितलेलं. आजचं मंगलाबाईचं बोलणं मुलीला खोटं वाटू शकत होतं. त्या दिवशीच्या कागदाला खोटं म्हणता आलं नसतं. इतका सरळ हिशोब मी कुठल्या अभ्यासक्रमात शिकले नव्हते.

"नाव काय दिलं होतंस?" मी फायली पुढे ओढत विचारलं.

तिला आठवेना. वीस वर्षांपूर्वी घाबरत घाबरत सांगितलेलं खोटं नाव कुणाच्या लक्षात राहणार? मी म्हटलं, काळजी नको, मजकुरावरून शोधू. गुरुवारची सगळी दुपार मी कागद चाळले. मूल मागे ठेवून आलेल्या बाईचा कागद, एवढंच शोधायचं होतं. असे अकरा निघाले.

शुक्रवारी मी मंगलाबाईला समोर बसवून ते वाचायला सुरुवात केली. पहिल्यात मुलगा होता. दुसऱ्यात मुलगी होती, पण आजारी. तिसऱ्यात एका बाईनं लिहवलं होतं की मुलीला दाराआडून बघितलं आणि पाय उचलला. मंगलाबाई ऐकत होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"हा तुझा का?"

"हाई बी मनंच शे," ती म्हणाली. हेही माझंच आहे. चौथ्यालाही तेच म्हणाली. पाचव्यालाही.

सहावा कागद मी उचलला तेवढ्यात कोपऱ्यातून जिजीचा आवाज आला. "बंद कर."

मी थांबले.

"कोनी गाठ सोडी राहिनी तू? ज्या बाईनं हाई सांगं, ती काय मरी गयी? उद्या तुना घरनं कोन्ही असं वाचं ते?"

मी कागद खाली ठेवला. मंगलाबाईसमोर मला रडू फुटलं, आणि जिजीनं या वेळी मला आधी सांग मग रड असं म्हटलं नाही. मी म्हणाले, "चुकलं माझं. पण रविवारी ती मुलगी येणार, आता काय करू?"

जिजीनं काळा चष्मा काढला. डॉक्टरनं आणखी पंधरा दिवस काढू नको म्हणून बजावलं होतं. "गोधडी आन," ती म्हणाली.

आम्ही गोधडी गच्चीवर उन्हात पसरली. मंगलाबाई तिच्याभोवती फिरली आणि डाव्या कोपऱ्यात एकदम खाली बसली. एका पिवळ्या तुकड्यावर तिनं हात ठेवला. मुलीच्या फ्रॉकची झालर होती ती. फ्रॉक तिनं येताना सोबत आणला होता. केंद्रात झालर फाडून जिजीला दिली, आणि बाकीचा फ्रॉक पुढे एका वर्षी खाडीचं पाणी घरात शिरलं त्यात गेला. जगात त्या फ्रॉकचं एवढंच उरलं होतं, आणि मी ते चिंधी म्हणून देऊन टाकलं होतं.

"आते पिवया टाकाना कागद काढ," जिजी म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कागदाच्या कोपऱ्यातले तीन टाके हे बांधणीसाठी नव्हतेच. ज्या कापडातून धागा काढला, त्या कापडाची ती खूण होती. कापड आणि धागा एकत्र आले की बाई सापडली. ग्रंथालयशास्त्रात याला फार मोठं नाव आहे आणि मी त्याच्यावर परीक्षेत चांगले गुण मिळवले होते.

पिवळ्या टाक्यांचे नऊ कागद निघाले. कागद आम्ही पालथे धरले, कुणी एक ओळ वाचली नाही. इतक्या वर्षांनी सगळेच पिवळे धागे सारखे मळलेले. जिजीनं काड्यापेटी मागवली. प्रत्येक टाक्याचं टोक नखभर कापायचं, चिमट्यात धरायचं आणि काडी लावायची.

"सुतनी राख व्हस, नायलॉननी गोई व्हस," ती म्हणाली. मार्केटातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट. सुरतेचं कापड सगळं नायलॉन-पॉलिस्टर, जळलं की वितळून त्याची काळी गोळी होते. पण तो फ्रॉक खेड्यातल्या शिंप्यानं शिवलेला, सुती. एक, दोन, तीन, चार, सगळ्यांच्या गोळ्या. जिजीच्या ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येत होतं, ती पदरानं टिपत होती आणि पुढची काडी ओढत होती. सातव्या धाग्याची राख झाली. हलकी, करडी राख, आणि जळक्या कागदासारखा वास. मंगलाबाईनं ती राख चिमटीत घेतली. मी मोठ्यानं ओरडले, खाली गिरणीवाला बाहेर येऊन वर बघायला लागला.

जिजीनं तो कागद न वाचताच एका पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळला आणि मंगलाबाईला म्हणाली, गाठ मार. वीस वर्षांपूर्वी मारलेली गाठ मी सोडली होती. ती तिच्याच हातानं परत बांधली गेल्यावर जिजीनं पुडक्यावर चापट मारली.

रविवारी मुलगी आली. सावळी, उंच, नर्सिंगचं शिक्षण झालेली, बोलणं नेमकं. ती आईपासून दोन हात दूर बसली. मंगलाबाईच्या बोटांना गाठ सुटेना, पण कुणी मदतीला हात पुढे केला नाही. अखेर ती सुटली. जिजीनं वाचलं. तिच्या वाचण्यातही पूर्णविराम नसायचा, पण त्या दिवशी ती प्रत्येक ओळीला थांबत होती.

"मनी आंडेर दोन वरीसनी शे. दुपारले ती जपेल व्हती. तिले उचलती ते ती रडती. ती रडती ते सासू उठती. म्हनीसन मी तिले उचलं नही. तिना पिवया फ्रॉक खाटवर व्हता, तो लई उनू. फ्रॉक मी धुवाव नही. मी तिले लेवाले जासू."

झोपलेलं मूल उचललं असतं तर रडलं असतं, सासू जागी झाली असती, म्हणून उचललं नाही. नुसता फ्रॉक आणला, तो धुणार नाही, आणि तिला घ्यायला परत जाईन. मुलगी ऐकत होती. तिचा चेहरा मला काही वाचता येत नव्हता.

"पिवळा फ्रॉक?" तिनं विचारलं.

जिजीनं गोधडीचा डावा कोपरा तिच्या मांडीवर ठेवला.

मुलगी बराच वेळ त्या झालरीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी काकू अजून सांगते, जाताना पोरीचा फ्रॉकसुद्धा चोरून नेला. मी लहानपणापासून विचार करायचे, माझा फ्रॉक हिला काय करायचा होता?"

मायलेकी गळ्यात पडून रडल्या वगैरे काही झालं नाही. मुलीनं विचारलं, "मग न्यायला का नाही आलीस?" मंगलाबाई म्हणाली, "तीन खेपा उनू. दारमातूनच फिराई दिधं." मुलीनं मान हलवली, पाणी मागितलं, आणि त्या दुपारची गाडी सोडली. महिन्याभरानं केंद्राच्या पत्त्यावर लग्नपत्रिका आली. जिजीनं तिची साडीची घडी घातली. लग्नाला आम्ही सगळ्या गेलो, आणि हळद लावताना मुलीनं 'आई कुठंय' म्हणून हाक मारली तेव्हा मंगलाबाई मांडवात सगळ्यात मागे बसली होती. तिला उठवून पुढे ढकलावं लागलं.

त्यानंतर चार-पाच महिने जिजी आणि मी रोज दुपारी कागद जुळवत होतो. धागा गोधडीवर धरायचा, तुकडा शोधायचा, कागद न वाचता मांजरपाटात बांधायचा, धाग्याचं टोक पुडक्याच्या बाहेर काढून ठेवायचं. गोधडी भिंतीवर लागली नाही, ती आमची सूची झाली. केंद्राचा इतिहास मी कधीच लिहिला नाही. मोठ्या बेननी मला काही दिवस तोंडावर 'आळशी' म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या. खाली गिरणी घरघरायची, जिजी एखाद्या तुकड्यावर बोट ठेवून "हाई हसरी व्हती" किंवा "हाई भलती भांडखोर" एवढंच म्हणायची. नाव कधीच नाही.

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला आणि जिजी कायमची भावाच्या गावी निघाली. बायकांनी ठरवलं, गोधडी तिलाच द्यायची.

"मी लई जासू ते तुम्हीन कागद कसा शोधशात?" ती म्हणाली आणि तिनं ती परत केली. पण निघायच्या आदल्या दुपारी मी चहा घेऊन आले तर ती गोधडी मांडीवर घेऊन ब्लेडनं टाके उसवत होती. मधला एक तुकडा तिनं अलगद काढला, घडी घातली, कमरेच्या पिशवीत टाकला. मला वाटलं, आठवण म्हणून नेतेय. दुसऱ्या दिवशी रिक्षात बसताना तिनं माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून बघितलं.

"नायलॉन," ती म्हणाली. "तरी बरी शे, बँकवाली."

गेल्या वर्षी ती गेली. भावाच्या सुनेनं फोन केला. त्या दिवशी मी केंद्रात आले, आलेली सगळी वर्तमानपत्रं काढली आणि त्यांच्या साडीसारख्या घड्या घालत बसले. माझी चापट तिच्यासारखी वाजत नाही.

आता केंद्राचे कागद स्कॅन होतायत. एका विद्यापीठातून दोन मुली येतात, चांगल्या आहेत, शिकवलं ते शिकतात. बायकांना एकेक करून विचारायचं, हो म्हणाली तर तिनं येऊन गाठ सोडायची, नाही म्हणाली तर पुडकं तसंच परत खोक्यात. ज्यांचा काहीच पत्ता लागत नाही, मागे मुलगीही नाही, त्यांचं काय, असा प्रश्न निघाला. मोठ्या बेन आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या म्हणाल्या, ज्यांचं कुणीच नाही ते केंद्राचे, ते उघडून स्कॅन करून टाकू, नाहीतर वाळवी खाईल. त्यांचंही खोटं नव्हतं.

म्हणून मी सगळी पुडकी मोजायला घेतली. प्रत्येकातून धाग्याचं टोक बाहेर होतं. एकातून नव्हतं. मी ते उजेडाकडे धरलं. मांजरपाट पातळ झालेलं, आतल्या कागदाच्या कोपऱ्यात सुईची सहा भोकं दिसत होती आणि त्यांत धागा नव्हता. कुणीतरी तो जपून ओढून काढला होता. मी गोधडी पसरली. मधलं ते भोक तसंच होतं.

म्हणजे तिचाही एक कागद होता. दुसऱ्यांचं लिहून घेणाऱ्या बाईनं एक दिवस घडी घालून, उलगडून, वाटाण्याएवढ्या अक्षरात स्वतःचं लिहिलं होतं. जाताना तिनं आपलं कापड नेलं, आपला धागाही नेला. कागद मात्र बाकीच्या बायकांमध्ये ठेवून गेली, कुणालाही ओळखू येऊ नये असा. सगळ्या कापडांवर मी हात फिरवले होते. त्या भोकाच्या जागी कोणता रंग होता, ते मला आठवत नाही. कितीही आठवलं तरी आठवत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पुडकं बराच वेळ माझ्या मांडीवर होतं. वाचावंसं वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मग मी उठून कात्री आणली. माझ्या ओढणीच्या टोकाचा तुकडा कापला, त्यातला एक धागा ओढला, सुईत ओवला. गाठ न सोडता मांजरपाटातून कागदाचा तेवढाच कोपरा बाहेर ओढला, त्या सहा भोकांतूनच तीन टाके घातले, कोपरा आत सारला, धाग्याचं टोक बाहेर काढलं आणि ओढणीचा तुकडा गोधडीतल्या भोकावर शिवून टाकला. नायलॉन आहे, पण बरा बसला.

परवा स्कॅनिंगवाली मुलगी बेवारस पुडकी वेगळी काढत होती. त्या पुडक्यापाशी तिचा हात थांबला. तिनं धाग्याचं टोक गोधडीवर धरून बघितलं आणि मधल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ताई, ही बाई कोण? हिला विचारलं का?"

"मी," म्हटलं.

ती गोंधळली. "मग गाठ सोडता?"

"नाही," मी म्हणाले, पुडकं तिच्या हातातून घेतलं, वरून एक चापट मारली आणि खोक्यात परत ठेवलं.